रेडिओचा कोट

या, असे जवळ या. भिंतीला टेकून बसलेल्यांनीही थोडं पुढे सरकावं, कारण ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगण्यासारखी नाही. हिच्यात लढाई नाही, राजा नाही, चमत्कार म्हणाल तर तोही नाही. एक बाई आहे, एक कोट आहे आणि तीन मिनिटांचा एक व्हिडिओ आहे. तेवढ्यावर तुम्हाला शेवटपर्यंत बसवून ठेवीन, हा माझा शब्द.

तर एका गल्लीत, किल्ल्या करणाऱ्याच्या बरोबर समोर, रफूचं एक दुकान होतं. एक खोली, एक मोठी खिडकी, खिडकीला लागून लांब टेबल आणि मागे दोन पायऱ्या चढलं की घर. दुकान नवरा-बायकोचं. देव वाटप करताना कुणाला जीभ देतो, कुणाला बोटं. या घरात त्याने फारच काटेकोर वाटणी केली होती. सगळी जीभ नवऱ्याला आणि सगळी बोटं बायकोला. नवऱ्याला गल्ली रेडिओ म्हणायची. शटर वर गेलं की सुरू, शटर खाली आलं की घरात सुरू. बायकोला गल्लीने काही नाव ठेवलं नव्हतं. नवरा समोरच्या दुकानात गप्पा झोडायला गेला आणि त्याला बोलवायचं झालं, तरी ती हाक मारत नसे. कात्रीने टेबलावर दोनदा टकटक करी. तो जिथे असेल तिथून, वाक्य अर्धं टाकून, धावत येई. बहुतेक वेळा काम एकच असे. सुईत दोरा ओवून द्यायचा. तिची नजर जवळच्याला कमी पडू लागली होती.

रफू म्हणजे ठिगळ नव्हे, हे एकदा सांगून ठेवतो. ठिगळ सांगतं, इथे भोक होतं. रफू सांगतं, इथे काही झालंच नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीत शिंप्याने माया, म्हणजे जादा कापड, सोडलेलं असतं, तिथून एकेक धागा काढायचा, आधी उभे धागे भरायचे, मग आडवा धागा एकाच्या वरून एकाच्या खालून न्यायचा. नखाएवढ्या भोकाला दोन तास. झाल्यावर गिऱ्हाईक कपडा उजेडात धरून विचारतं, "कुठे होतं हो?" हा प्रश्न आला की बाईंना पावती मिळाली. त्यापलीकडे कौतुक त्यांना कधी लागलं नाही.

रेडिओला मात्र वेगळंच काहीतरी दिसलं होतं. गिऱ्हाईक स्टुलावर बसतं, बायकोच्या हातांकडे बघतं आणि थोड्या वेळाने आपणहून बोलायला लागतं. हे कसं फाटलं, कुठे फाटलं, तेव्हा बरोबर कोण होतं. एका पोक्त वकिलाने तर बाही रफू होईपर्यंत आपली अख्खी सासुरवाडी सांगून टाकली होती. रेडिओच्या डोक्यात किडा वळवळला. टीव्हीच्या एका चॅनेलने साध्या माणसांकडून कार्यक्रमांच्या कल्पना मागवल्या होत्या. याने फॉर्म भरला. कार्यक्रमाचं नाव, रफू. माणूस फाटलेला कपडा घेऊन येणार, बाई तो सांधणार, माणूस सांगणार. बास.

चॅनेलचं उत्तर आलं ते त्याच्या नावावर आलं. कल्पना आवडली, आता तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा, एका दमात घेतलेला, कुठेही न कापलेला. अमुक तारखेला दुपारी चारपर्यंत.

तोवर रेडिओला जाऊन बारा दिवस झाले होते. तो गेलाही बोलता बोलताच. गिऱ्हाइकाला काहीतरी सांगत होता, मध्येच थांबला. गिऱ्हाईक बिचारं पुढचं ऐकायला थांबून राहिलं.

बाईंना त्यानंतर काही झालं नाही. हे मी जसंच्या तसं सांगतो. रडू आलं नाही, भूक गेली नाही, झोपही लागायची. फक्त सगळं काचेपलीकडे झालं होतं. लोक येत, "छान सावरलात हो," म्हणत. त्या "हो" म्हणत. सकाळी सातला टेबलाशी बसत आणि अंधार पडेपर्यंत उठत नसत. रांगेतले कपडे संपले, तसे त्यांनी घरातले काढले. पडदे झाले, उशांचे अभ्रे झाले, शेवटी पायपुसणंसुद्धा त्यांनी रफू केलं. पायपुसण्याला रफू! रेडिओ असता तर आठवडाभर पुरवून पुरवून हसला असता.

व्हिडिओ पाठवायच्या शेवटच्या दिवशी दुपारी एक वाजता भाची आली. बहिणीची मुलगी, लग्नाचे व्हिडिओ जोडण्याचं काम करते. आत आल्या आल्या तिने मावशीचा हात धरला आणि दचकली.

"मावशी, हे काय? केवढा फोड आलाय!"

"कुठे?" बाईंनी हात उलटा करून पाहिला. "इस्त्री लागली असेल."

"असेल म्हणजे? कळलं नाही तुला?"

"नाही बुवा."

भाचीने मलम लावलं. व्हिडिओबद्दल मावशीनेच तिला फोन केला होता. एवढंच म्हणाली होती, "ह्यांचं एक काम राहिलंय. ते गेलं पाहिजे." रेडिओ गेल्यापासूनच्या पंचवीस दिवसांत तिने कुणाकडे काही मागितलं असेल तर तेवढंच.

भाची कामाला लागली. टेबल फिरवून खिडकीचा उजेड मावशीच्या तोंडावर घेतला. दोऱ्यांच्या डब्यांची उतरंड रचून तिच्यावर फोन आडवा टेकवला. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं, "नाहीतर लोक तारखाच वाचत बसतात." मग समोर जाऊन किल्लीवाल्याला म्हणाली, "काका, थोडा वेळ मशीन बंद ठेवाल? आवाज येतो."

"किती वेळ?"

"तीन मिनिटं."

"तीन मिनिटं काय, तीन वर्षं ठेवतो. रेडिओचं काम आहे," तो म्हणाला आणि मशीन बंद करून गप्प बसला.

फॉर्म भरला तेव्हाच रेडिओने कार्यक्रमात बोलायचं सगळं लिहून ठेवलं होतं. दोन पानं, तिरकं अक्षर, जिथे हसायचं तिथे चांदणी काढलेली. बाईंनी पानं हातात घेतली आणि वाचायला सुरुवात केली.

"नमस्कार मंडळी. आमच्या दुकानात कपडे रफू होतात, स्वभाव होत नाहीत. स्वभावासाठी समोर किल्लीवाल्याकडे जावे. त्याच्याकडे कानस आहे."

बसस्टॉपची नावं वाचावीत तसं वाचलं. भाचीने फोन थांबवला.

"मावशी, हा विनोद आहे."

"माहीत आहे. चांदणी आहे ना इथे."

"मग जरा हस की!"

बाईंनी पुढच्या वेळी चांदणीपाशी थांबून ओठ ताणले. भाचीने ते पाहिलं आणि म्हणाली, "नको. हसू नकोस."

चार वेळा झालं. पाचव्यांदा भाचीने पानं काढून घेतली. "कॅमेऱ्याकडे बघ. तिथे तुझ्या ओळखीचं कुणीतरी बसलंय असं समज आणि त्याच्याशी बोल." बाईंनी त्या काळ्या ठिपक्याकडे पाहिलं. रिकामे हात मांडीवर ठेवले. दीड मिनिट गेलं. ओळखीचं माणूस समज म्हटल्यावर कोण आठवणार? आणि त्या माणसाशी त्यांना कधी बोलावं लागलंच नव्हतं, तोच बोलायचा.

"मी आजवर चारशे लग्नं जोडली," भाची कपाळाला हात लावून म्हणाली. "त्यात रुसलेले व्याही होते, झोपलेले नवरदेव होते. पण असं कुणी नव्हतं." मग तिचं तिलाच वाईट वाटलं. "बरं, बोलू नकोस. काम कर. मी तुझे हात घेते. एखादा फाटका कपडा काढ."

आता गंमत बघा. त्या दुकानात, जिथे वर्षानुवर्षं फाटक्याशिवाय दुसरं काही आलं नाही, तिथे एकही फाटका कपडा नव्हता. दोघींनी कपाट उघडलं, टोपल्या उलट्या केल्या, मागच्या घरात जाऊन ट्रंक पाहिली. सगळं सांधून, इस्त्री करून, घडी घालून ठेवलेलं.

"एक तरी ठेवायचं होतंस गं!"

"वेळ होता," बाई म्हणाल्या.

"मग जे झालंय ते दाखव. ही चादर. हिला कुठे होतं?"

बाईंनी चादर उजेडात धरली, बोटं फिरवली. "इथे."

भाचीने फोनमधून पाहिलं, डोळे बारीक केले, फोन जवळ नेला. पांढरी चादर दिसत होती. "मावशी, यात काहीच दिसत नाही."

"मग! दिसायला कशाला हवं?"

"व्हिडिओत दिसायला हवं ना! इथे भोक होतं, आता नाही. तुझं काम इतकं चांगलं आहे की तू काही केलंयस असं वाटतच नाही. तीन मिनिटं कोरी चादर बघतील का ते लोक?"

बाईंनी मग कात्री घेतली आणि चादरीला मधोमध भोक पाडलं. शांतपणे. भाचीच्या तोंडून किंकाळीच निघाली. सुई पुढे नेली आणि बाईंचा हात थांबला. कापलेली कड सरळ होती, धागे एका रेषेत तुटलेले. त्यांनी कड बोटाने चाचपली, इकडून, तिकडून.

"हे फाटलेलं नाही," त्या म्हणाल्या. "हे कापलंय. याला सांगण्यासारखं काही नाही." आणि चादर बाजूला ठेवली.

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. चॅनेलला व्हिडिओ पोचायलाही वेळ लागणार होता. भाची खुर्चीवर बसली. बसल्यावर तिला दारामागचा खिळा दिसला. खिळ्याला एक राखी लोकरी कोट होता आणि त्याची डावी बाही कोपरापाशी लोंबत होती.

"मावशी, तो?"

"तो गिऱ्हाइकाचा नाही."

भाचीने ओळखलं. रेडिओला तिने त्या कोटाशिवाय पाहिलेलं नव्हतं. मावशीने पायपुसण्याला रफू केलं, पण तो कोट खिळ्यावरून हलला नव्हता. भाची म्हणणार होती, "राहू दे, नको पाठवूया," पण बाई उठल्या होत्या. कोट काढला, टेबलावर पसरला, भोकाखाली लाकडी गोळा सरकवला आणि बाही त्यावर ताणली. सगळ्या कपड्यांना करतात तसंच. आतल्या शिवणीतून एक धागा ओढला. मग सुई उजेडात धरली. धागा ओवायला एक खेप, दुसरी, तिसरी. भाची पुढे झाली, तर त्यांनी मानेनेच नको म्हटलं. सहाव्या खेपेला गेला.

भाचीने आवाज न करता फोनचं बटण दाबलं.

बाईंनी पहिला उभा धागा भरला. दुसरा भरला. वर पाहिलंच नाही.

"माणसं फाटलेलं घेऊन येतात," त्या म्हणाल्या. आवाज तसाच, सपाट. "मी रफू करते. ती सांगतात, कसं फाटलं. एवढाच कार्यक्रम आहे. कल्पना माझी नाही. ह्यांची आहे."

तिसरा धागा.

"हा ह्यांचा कोट. हा कसा फाटला ते मला माहीत नाही. ते सांगत आले होते. आत येता येताच सांगायला लागले, अगं, बघ काय झालं. माझ्या हातात गिऱ्हाइकाची शाल होती. मी म्हटलं, आधी सुई ओवून द्या, ते नंतर सांगा. त्यांनी ओवून दिली. कोट तिथे अडकवला. दोन दिवसांनी गेले."

चौथा. पाचवा. भाचीचा हात तोंडाशी गेला होता, पण फोनला तिने धक्का लागू दिला नाही.

"कोट थोडंफार सांगतो. हे असं काटकोनात फाटलंय. म्हणजे कशाला तरी अडकलं आणि माणूस थांबला नाही. थांबला असता तर एक बारीक छिद्र राहिलं असतं. हे धावत होते. साठीचा माणूस, कशाला धावत होते कोण जाणे. आणि हे बघा, या धाग्याला हिरवा रंग लागलाय. सुकलेला. कण आहे. म्हणजे लोखंड असणार, रंगवलेलं. आमच्याकडे हिरवं काही नाही."

"माझ्या दाराची कडी हिरवी आहे, वहिनी."

आवाज दारातून आला. किल्लीवाला. तीन मिनिटांचे दोन तास झाले म्हणून बिचारा विचारायला आला होता, मशीन सुरू करू का, आणि उंबऱ्यातच खिळला होता. भाचीने त्याच्याकडे पाहून जिवाच्या आकांताने हात हलवले, गप्प बसा, गप्प बसा. पण तो तिच्याकडे बघतच नव्हता. तो बाईंच्या हातांकडे बघत होता.

"त्या दिवशी आला होता माझ्याकडे," तो म्हणाला. "स्वतःच्या हाताने माझं मशीन बंद केलं. म्हणाला, तालीम करायची आहे, तू गिऱ्हाईक हो. मी म्हटलं, माझं काही फाटलेलं नाही. म्हणाला, मग फाड! किल्ल्यांचा जुडगा तोंडासमोर धरून भाषण करायला लागला. मी म्हटलं, टीव्हीवर तूच दिसणार म्हण की आता, मिरवून घे. तर म्हणाला, छे! मी दिसायचं नाही. दिसायचे ते तिचे हात. मी हवं तर टेबलाखाली बसेन आणि माणसाला बोलतं करीन."

बाईंनी आडवा धागा घेतला होता. एकाच्या वरून, एकाच्या खालून.

"मग?" त्यांनी विचारलं.

"मग काय. तुम्ही कात्री वाजवली."

सुई थांबली नाही. एकाच्या वरून, एकाच्या खालून.

"दोनदा टकटक झालं आणि हा उठून पळाला. वाक्यसुद्धा पुरं केलं नाही. बाही कडीला अडकली, चर्रकन आवाज झाला. मी ओरडलो, अरे थांब, कोट फाटला! म्हणाला, फाटू दे, तिला सुई ओवून हवी असेल. आणि कोपराकडे बघून हसत सुटला. म्हणाला, बघ, पहिलं गिऱ्हाईक मीच."

खोलीत लोकरीतून धागा ओढल्याचा बारीकसा आवाज येत होता तेवढाच. मग फोनने टुण्ण केलं. तीन मिनिटं झाली होती.

किल्लीवाला भानावर आला. "अरे देवा, सुरू होतं का ते? मी सगळं बिघडवलं का?"

भाचीने डोळे पुसले आणि घड्याळ पाहिलं. तीन बावीस. "मावशी, परत घ्यायला वेळ आहे. किल्लीवाल्या काकांशिवाय एकदा घेऊया?"

"नको," बाई म्हणाल्या. "जाऊ दे तसंच."

"तुझा चेहरासुद्धा नीट आलेला नाही गं. सगळे हातच आहेत."

"जाऊ दे."

व्हिडिओ गेला. चाराला आठ मिनिटं कमी असताना पोचल्याची खूण आली. भाचीने टेबलावर डोकं टेकलं. किल्लीवाला मान खाली घालून आपल्या दुकानात गेला आणि त्याने उरलेला दिवसभर मशीन काही सुरू केलं नाही.

बाईंना तेव्हा तरी रडू आलं असेल, असं तुम्हाला वाटत असेल. नाही आलं. त्यांनी रफू पुरं केलं, कारण सुई लावलेलं काम टाकून उठायचं नसतं. ओलं फडकं घालून इस्त्री फिरवली. पण वाफ बोटाला लागली तेव्हा त्यांनी हात झटकन मागे घेतला आणि "हाय" म्हटलं. भाचीने टेबलावरून डोकं उचलून त्यांच्याकडे पाहिलं. एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी किल्लीवाल्याने कोट उजेडात धरला, उलटसुलट केला. "वहिनी, कुठे होतं हो?"

बाईंनी कोपरापाशी बोट ठेवलं. तिथे एक हिरवा कण होता. कसलाही कण, कस्पट, डाग धाग्यात ठेवून त्यांनी आयुष्यात एक कपडा परत केला नव्हता. हा ठेवला होता.

अकरा दिवसांनी चॅनेलमधून एका बाईंचा फोन आला. पहिला भाग करून बघू म्हणाल्या. दारातल्या त्या गृहस्थांनाही आणा म्हणाल्या. किल्लीवाल्याने त्याच संध्याकाळी दाढी-कटिंग करून घेतली आणि चार दिवस गल्लीत ताठ मानेने फिरला. "मशीन मात्र बंद ठेवा म्हणाल्यात," भाचीने त्याला सुनावलं. "तोंड चालेल."

"तुमची काही अट?" चॅनेलच्या बाईंनी फोनवर विचारलं होतं.

रफूवाल्या बाईंनी टेबलावरच्या सुईकडे पाहिलं. "एक माणूस लागेल," त्या म्हणाल्या. "सुईत दोरा ओवायला."

पलीकडे हसण्याचा आवाज आला. त्यांना तो विनोद वाटला असावा. बाईंनी फोन ठेवला, टेबलाशी बसल्या, कात्री हातात घेतली आणि वाजवायला उचलली. मग तशीच खाली ठेवली आणि सुई उजेडात धरली.

गोष्ट इथे संपली. तुम्ही आता उठाल, घरी जाल. कधीतरी घाईत तुमची बाही दाराच्या कडीला अडकेल, चर्रकन आवाज होईल आणि तोंडात शिवी येईल. ती आवरा. आणि हाकेसरशी अर्ध्या वाक्यावरून उठून धावणाऱ्या त्या रेडिओची घडीभर आठवण काढा. घरी पोचल्यावर कुणी काही सांगायला लागलं, तर हातातलं काम बाजूला ठेवून ऐकून घ्या. तीच त्याची आठवण समजा.